टाचणीबाईंनी ऐकलेला मूकपट

टाचणीबाईंना हे नाव पडलं त्याचं कारण त्यांचं तोंड. शिवताना चार-पाच टाचण्या कायम ओठांत धरलेल्या असायच्या, आणि त्या काढून बोलण्याइतकं महत्त्वाचं या जगात फारसं काही घडत नाही, असं बाईंचं मत होतं. आठव्या वर्षी तापाने त्यांचे दोन्ही कान गेले. ताप उतरला, मुलगी उठून बसली, आणि घरातली सगळी माणसं नुसती तोंडं हलवताहेत असं तिला दिसलं. पहिले सहा महिने ती रडली. सातव्या महिन्यात तिच्या लक्षात आलं की नीट बघितलं तर तोंडं वाचता येतात. मग मात्र तिने मागे वळून पाहिलं नाही, कारण मागे बोललेलं तिला कळायचं नाही.

लग्नाचं काही जमलं नाही. त्या धाकट्या भावाकडे राहायच्या. भावजय वाईट नव्हती, पण नणंदेबद्दल काही बोलायचं झालं की तोंडावर हात धरून बोलायची. त्यामुळे एक सोय व्हायची. हात तोंडावर गेला की विषय आपला आहे, एवढं बाईंना न वाचताच कळायचं.

"वन्सं, तुम्हाला कसं हो कळतं सगळं?" भावजय विचारायची.

"हात खाली ठेवून विचार," बाई म्हणायच्या. त्यांचा आवाज सपाट आणि खणखणीत होता. स्वतःला ऐकू येत नसल्यामुळे तो किती लावायचा याचा अंदाज नव्हता, म्हणून शेजारच्या इमारतीतही कळायचं की भावजयीने हात खाली ठेवायचा आहे.

बाई एका शिंप्याच्या दुकानात गणवेश शिवायच्या. तिथे एक दिवस मास्तर आले. मास्तर म्हणजे सिनेमाचा दिग्दर्शक. पूर्वी शाळेत चित्रकला शिकवायचे, म्हणून मास्तर. अंगात लांब कोट, कोटाचं अस्तर फाटलेलं, गळ्यात पट्ट्याने अडकवलेला पत्र्याचा भोंगा. हा भोंगा ते बाजारातही काढत नसत. अस्तर शिवून होईपर्यंत ते आरशासमोर उभे राहून आपल्या छायाचित्रकाराशी बोलत होते. बाई खोलीच्या दुसऱ्या टोकाला पाठमोऱ्या बसल्या होत्या, पण आरशातलं तोंड त्यांना पुस्तकासारखं दिसत होतं.

मास्तर म्हणत होते, "कपडेपट सांभाळायला कुणीतरी हवं रे. पण पोटात गोष्ट राहणारं हवं. मागच्या वेळी आपली कथा त्या दुसऱ्या कंपनीत आपल्या आधी पोचली."

बाईंनी ओठांतल्या टाचण्या काढून गादीत खोचल्या आणि म्हणाल्या, "मी येते."

दुकानातल्या दोन्ही कात्र्या थांबल्या. मास्तरांनी दचकून शिंप्याला विचारलं, "यांना एवढ्या लांबून ऐकू गेलं?"

"छे हो," शिंपी म्हणाला. "कानाशी तोफ उडवली तरी कळायचं नाही त्यांना."

मास्तरांचा चेहरा उजळला. बहिरी शिवणकामवाली! हिच्या कानावर काही पडणार नाही, त्यामुळे हिच्या तोंडून काही जाणार नाही. त्यांनी त्याच दिवशी बाईंना कामावर घेतलं. 'मी येते' हे ती कशाला उत्तर म्हणून बोलली, हा विचार त्यांच्या डोक्यात आलाच नाही. मास्तर मोठे कलावंत होते, आणि हिशेबात न बसणारी गोष्ट ते सरळ सोडून द्यायचे.

त्या काळी सिनेमा मुका होता. काचेच्या छपराखाली दिवसाउजेडी चित्रण चालायचं. पात्रं ओठ हलवायची, आणि मधूनमधून पडद्यावर पाटी यायची. पाटीवर त्यांचं बोलणं लिहिलेलं असायचं. पाट्या मास्तर स्वतः लिहायचे. त्यांची भाषा अशी की वाचणाऱ्याचा श्वास अर्ध्यात सुटावा. पात्रांनी प्रत्यक्षात काय बोलायचं, हे मात्र कुणीच ठरवत नसे. ओठ हलले की झालं. शिवाय त्या मांडवात ऐकायची सोयच नव्हती. एका बाजूला सुतार पुढचा देखावा ठोकतोय, दुसऱ्या बाजूला वातावरणनिर्मितीसाठी एकजण फिडल घासतोय, कॅमेऱ्याचं हँडल घरघरतंय, आणि या सगळ्यावर मास्तर भोंग्यातून ओरडताहेत, "विरह! अजून विरह! भुवया वर!"

चित्रपटाचं नाव होतं 'नऊ वर्षांची वाट'. दीपगृहाच्या रखवालदाराची मुलगी आणि एक खलाशी यांची ही प्रेमकथा. खलाशी जातो, ती नऊ वर्षं वाट बघते, आणि तो परत येतो त्याच्या आदल्या दिवशी ती मरते. चित्रण इतकं लांबलं की सुतार म्हणायला लागले, नऊ वर्षांची वाट लागणार बहुतेक.

नायक देखणा होता. मागून पुढून, दोन्ही बाजूंनी देखणा, आणि हे त्याला फार लवकर कळलं होतं. पायांचं माप देताना त्याने मुद्दाम एक नंबर कमी सांगितला, कारण मोठे पाय खलाशाला शोभत नाहीत. नायिका चलाख, बुटकी आणि तोंडाची फटकळ. दोघांचं पहिल्या दिवसापासून विळ्या-भोपळ्याचं नातं होतं. पण मास्तर भोंग्यातून "प्रेम!" असं ओरडले की दोघं एकमेकांच्या डोळ्यांत असे बघायचे की फिडलवाल्याचा गज थांबायचा.

कोपऱ्यात स्टुलावर बसून बाई ते प्रेम वाचायच्या.

"काल माझ्या आरशावर पावडर कुणी सांडली?" नायिका पापण्या मिटून विचारायची.

"तुझ्या आरशाला तोंड दाखवायची लाज वाटली असेल," नायक तिचा हात छातीशी धरून म्हणायचा.

"प्रेम! अजून प्रेम!" मास्तर ओरडायचे.

एकदा बाईंना इतकं हसू आलं की ओठांतली टाचणी उडून तिरपी गेली आणि कॅमेऱ्याच्या पायाशी पडली. मास्तर रागावले. "बाई, इकडे काळीज फाटतंय आणि तुम्ही हसता?"

बाईंनी सांगितलं असतं. पण त्यांना कामावर ठेवलं होतं ते गोष्ट पोटात ठेवायला. त्यांनी दुसरी टाचणी ओठांत घेतली.

निरोपाचा प्रसंग चित्रपटाचा कळस होता. बोटीला लावलेली अरुंद फळी, तिच्यावर दोघं समोरासमोर, पाठीमागे पाण्याचं टाकं. दोन्ही चेहरे चौकटीत मावावेत म्हणून छायाचित्रकार सारखा हात हलवून त्यांना जवळ ढकलत होता. शेवटी नायिकेच्या बुटाची टाच बरोबर नायकाच्या पायावर आली. तोच एक नंबर लहान बूट.

"पाय काढ," नायक म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी तरारलं.

"कुठे काढू? मागे पाणी आहे," नायिका त्याच्या खांद्यावर डोकं ठेवत म्हणाली.

"अगं, तीन बोटं गेली माझी!"

"सात उरली ना? पुरतील तुला."

त्याच्या गालावरून एक मोठा अश्रू ओघळला. "तुझ्यासारखी दुष्ट बाई मी जन्मात पाहिली नाही."

"लसूण खाऊन आलायस. तोंड तिकडे कर," ती म्हणाली, आणि तिने मान वर करून त्याच्याकडे असं पाहिलं की छायाचित्रकार हँडल फिरवता फिरवता हुंदका देऊन गेला. मास्तरांनी भोंगा खाली ठेवला. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना ओरडायला काही उरलं नव्हतं.

मग खलाशी बोटीत चढला, खरं म्हणजे लंगडत पळाला, आणि नायिका फळीवर एकटी राहिली. आपली टाच मोडली की काय हे पाहायला ती खाली वाकून बघत राहिली. बराच वेळ. कॅमेरा चालूच होता.

चित्रपट लागला. पहिल्या खेळाला मोठमोठी मंडळी आली होती. खाली पुढच्या रांगांत मात्र शहरातल्या मूकबधिर शाळेची चाळीस मोठी मुलंमुली आपल्या शिक्षिकेबरोबर आली होती. सिनेमा ही त्यांची हक्काची करमणूक. तिथे त्यांना कुणी 'काय, काय?' करायला लावत नसे.

सुरुवातीलाच पुढच्या रांगांत खुसखुस सुरू झाली. मास्तरांना वाटलं, मुलं आहेत. मग निरोपाचा प्रसंग आला. पियानोवाल्याने सूर खाली आणला. पाटी आली, "प्रिये, हे विदीर्ण हृदय मी तुझ्या चरणांशी ठेवून जात आहे!" बायकांनी रुमाल काढले. खलाशाचा अश्रू ओघळला. आणि पुढच्या चाळीस जणांनी एकदम असं हसायला सुरुवात केली की खुर्च्या वाजू लागल्या. एक मुलगा दुसऱ्याच्या गळ्यात पडला. शिक्षिका त्यांना आवरायला उठली आणि तीच पोट धरून खाली बसली. हसू साथीसारखं मागे पसरलं. मागच्यांना कारण माहीत नव्हतं, पण समोर चाळीस माणसं हसताहेत म्हटल्यावर नक्की काहीतरी चुकलंय, असं समजून तेही हसले. नायिका पडद्यावर मेली तेव्हा टाळ्या पडल्या.

दुसऱ्या दिवशी मास्तर कपडेपटाच्या खोलीत येऊन कोटांच्या ढिगावर बसले. दुसरीकडे कुठे त्यांना तोंड दाखवायचं नव्हतं.

"चरणांशी," ते पुटपुटले. "चरण या शब्दात हसण्यासारखं काय आहे? चांगला शब्द आहे."

बाई समोर बसून खलाशाच्या कोटाला बटणं लावत होत्या. मास्तरांचा पडलेला चेहरा बघून त्यांना राहवलं नाही. त्यांनी एकेक करून टाचण्या काढल्या.

"चरणात काही नाही, मास्तर. ती तिथे त्याच्या चरणावर उभी होती."

"म्हणजे?"

मग बाईंनी सगळं सांगितलं. आवाज नेहमीसारखा होता, त्यामुळे सुतारांनी, फिडलवाल्याने आणि फाटकावरच्या रखवालदारानेही ते ऐकलं. तीन बोटं, सात बोटं, लसूण, पावडर. मास्तर आधी लाल झाले, मग पांढरे.

"तुम्हाला हे पहिल्यापासून माहीत होतं?"

"हो."

"आणि सांगितलं नाहीत?"

"तुम्हीच म्हणालात ना, पोटात गोष्ट राहणारं माणूस हवं. आरशात म्हणालात."

मास्तरांना आरसा आठवला. 'मी येते' आठवलं. मग उठले आणि म्हणाले, "पुन्हा चित्रण करायचं. या वेळी तुम्ही कॅमेऱ्याशेजारी बसायचं. पाटीवर जे आहे, अक्षर न् अक्षर तेच त्यांच्या ओठांवर पाहिजे."

फळी पुन्हा लागली, टाकं भरलं. नायकाला मापाचे बूट मिळाले. बाई हातात लाल रुमाल घेऊन बसल्या. ओठ चुकले की रुमाल वर.

"प्रिये," नायक म्हणाला, शाळेत हजेरी द्यावी तसं. "हे विदीर्ण हृदय..."

"विदीर्ण म्हणजे काय रे?" नायिकेने विचारलं. रुमाल वर.

दुसऱ्या वेळी त्याने सगळं बरोबर म्हटलं. तिसऱ्या वेळी तिनेही म्हटलं. अकराव्या वेळेपर्यंत दोघांचं पाठांतर चोख झालं, आणि फळीवर दोन लाकडाच्या बाहुल्या उभ्या होत्या. फिडलवाला जांभई देत वाजवत होता. छायाचित्रकाराचे डोळे कोरडे ठणठणीत.

मास्तर भोंग्यातून ओरडले, "विरह!" दोघांनी भुवया वर केल्या. काही झालं नाही. भोंगा खाली आला.

"संपलं," ते म्हणाले. "जुन्यात प्राण आहे आणि शिव्या आहेत. नव्यात अक्षरं आहेत आणि मढी आहेत."

"मग जुनंच ठेवा," बाई म्हणाल्या. "पाट्या बदला."

"काय?"

"ती दोघं जे बोलली तेच पाटीवर लिहा."

मास्तरांना वाटलं, आपल्याला नीट ऐकू आलं नाही. "बोटं? माझ्या शोकांतिकेत पायाची बोटं? बाई, तो नऊ वर्षांसाठी चाललाय! जाताना माणूस काहीतरी उदात्त बोलेल की नाही?"

बाईंनी रुमालाची घडी घातली. मग त्या सहसा बोलत नसत एवढं सलग बोलल्या.

"मास्तर, या कानांनी मी ऐकलेलं शेवटचं वाक्य माझ्या आईचं. मी अंगणातून खेळून आले, अंगात कणकण होती. ती म्हणाली, 'पाय पुसून आत ये गं.' त्या रात्री ताप चढला, आणि मग काहीच नाही. पुढे ती बारा वर्षं जगली. रोज बोलायची माझ्याशी, मी ते बघायचे. पण आवाज आहे तो त्या एकाच वाक्याचा. अजून आहे. तेव्हा ती विदीर्ण हृदय वगैरे म्हणाली असती, तर अर्थ विचारण्यातच वेळ गेला असता."

फळीवर नायिका खाली बसली होती. नायक आपल्या नव्या बुटांकडे बघत होता. मास्तरांनी दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं. बाईंना त्यात वाचण्यासारखं काही सापडलं नाही.

त्या दुपारी दोघं फिल्म कापायच्या टेबलावर पाट्या लिहायला बसली. बाई सांगायच्या, मास्तर लिहायचे, आणि प्रत्येक ओळीला भांडायचे.

"'लसूण' शब्द पडद्यावर जाणार नाही."

"मग ती मान का वळवते?"

"प्रेमाने!"

"प्रेम आहेच. लसूणही आहे."

लसूण राहिला. 'दुष्ट बाई' राहिली. सात बोटं राहिली. चित्रपटभरच्या बत्तीस पाट्या बदलल्या. मास्तरांनी शेवटी एवढीच अट घातली की 'प्रिये' हा शब्द एकदा तरी आला पाहिजे. तो बाईंनी पावडरीच्या प्रसंगात बसवून दिला, "आरसा फुटेल, प्रिये." एक जागा मात्र अडली. नायिका फळीवर एकटी वाकून बघते, तिथे जुन्या पाटीवर विरहाच्या चार ओळी होत्या. तिथे तिचे ओठ हललेच नव्हते. वाचायला काही नव्हतं. दोघं ते रीळ पुन्हा पुन्हा बघत बसली. मग मास्तरांनी स्वतःच पेन्सिल उचलली, तीन शब्द लिहिले आणि कागद बाईंकडे सरकवला. बाईंनी वाचून मान हलवली. या एका पाटीवर भांडण झालं नाही.

नव्या खेळाला मास्तरांनी मूकबधिर शाळेला स्वतः आमंत्रण दिलं. आपण मात्र दाराशी उभे राहिले, पळायला बरं म्हणून. निरोपाचा प्रसंग आला. "पाय काढ." "कुठे काढू? मागे पाणी आहे." या वेळी पुढच्या रांगांबरोबर मागच्याही हसल्या, वरचा सज्जाही हसला. कुणी कुणाकडे वळून बघितलं नाही, कारण सगळ्यांना सगळं कळत होतं. "सात उरली ना? पुरतील तुला," यावर पियानोवाला वाजवायचं विसरला.

मग खलाशी गेला. ती फळीवर राहिली. जिथे त्याचा पाय होता तिथे खाली बघत राहिली. पाटी आली, मास्तरांची:

"आता जागाच जागा."

हसणं मध्येच कुठेतरी तुटलं. बाई तिसऱ्या रांगेत भावजयीशेजारी बसल्या होत्या. त्यांना ऐकू काहीच आलं नाही, पण आजूबाजूचे खांदे एकेक करून हलायला लागलेले त्यांनी पाहिले. भावजयीचा हात तोंडावर गेला. या वेळी विषय आपला नाही, हे बाईंना कळलं.

चित्रपट अठरा आठवडे चालला. नायिकेचं मरण मास्तरांनी काढून टाकलं. बाईंनी त्याबद्दल ब्रही काढला नव्हता, पण अठराच्या अठरा आठवडे मास्तर त्यांना म्हणत राहिले, "तुमच्यामुळे माझी शोकांतिका गेली." वर्तमानपत्रवाल्यांनी जेव्हा विचारलं की संवादांत हा जिवंतपणा कुठून आला, तेव्हा मास्तर छाती काढून म्हणाले, "ही कल्पना माझ्या मनात फार वर्षं घोळत होती." एवढ्यात त्यांची नजर दालनाच्या दुसऱ्या टोकाला गेली. तिथे बाई एका पाहुण्याच्या कोटाची शिवण बघत उभ्या होत्या, म्हणजे असं दिसत होतं. मास्तर खोकले. "अर्थात, आमच्या कपडेपटाचाही त्यात हातभार आहे," ते म्हणाले, आणि पुढचं तोंडासमोर भोंगा धरून बोलले.

नायक-नायिकेचं लग्न होणार अशी सगळ्या शहराची खात्री होती. त्यांनी आणखी चार चित्रपट बरोबर केले आणि कॅमेऱ्याबाहेर एकमेकांशी एक शब्द बोलले नाहीत. भांडण कॅमेऱ्यासाठी राखून ठेवायचे. बाई चारही वेळा कोपऱ्यात बसून ते उतरवून घ्यायच्या, आणि मास्तर त्यातली शिवी काढून अलंकार घालायचा प्रयत्न करायचे.

मग सिनेमा बोलायला लागला. मास्तर आवाज नोंदवणारं नवं यंत्र आणायला गेले आणि आठ दिवसांनी आले ते भेदरून. मांडवात आता कुणी ठोकायचं नाही, शिंकायचं नाही, ओरडायचं नाही. भोंगा खिळ्याला टांगला गेला. फिडलवाला बाहेरच्या पायरीवर जाऊन बसला. सगळं सामसूम झालं, आणि तेव्हा कळलं की कॅमेरा स्वतःच केवढ्याने घरघरतो. नायिकेच्या प्रत्येक वाक्यामागे जातं फिरवल्यासारखा आवाज येत होता.

कपडेपटातल्या लोकांना वाटलं, बाईंचं इथलं काम संपलं. ओठ वाचायची आता कुणाला गरज? बाईंनाही तसंच वाटलं असावं, कारण त्यांनी कात्री आणि गादी पिशवीत भरून ठेवली होती. त्या कॅमेऱ्याभोवती दोन चकरा मारून आल्या, त्यावर तळहात ठेवला आणि थरथर बघितली. मग पिशवी रिकामी केली. जुन्या पोशाखांचे, पडद्यांचे, लोकरीच्या कोटांचे थर लावून त्यांनी चार दिवसांत कॅमेऱ्यासाठी एक जाड गोधडी शिवली. भिंगाला भोक, हँडलच्या जागी बाही. मूल गुंडाळावं तसा तो अगडबंब कॅमेरा गुंडाळला.

छायाचित्रकाराने बाहीत हात घालून हँडल फिरवलं, आवाजाचं यंत्रही चालू झालं. सगळे श्वास धरून उभे राहिले. मास्तर कोटाचा काठ मुठीत आवळून बाईंच्या तोंडाकडे बघत होते.

"बाई," त्यांनी घाईघाईत विचारलं, "येतोय का हो अजून आवाज?"

बाईंनी ओठांतल्या टाचण्या सावकाश काढल्या.

"मला विचाराल तर," त्या आपल्या खणखणीत आवाजात म्हणाल्या, "अजिबात नाही."

पहिल्या बोलपटाच्या पहिल्या रिळावर पहिलं वाक्य नोंदलं गेलं ते हे. मास्तरांनी ते रीळ टाकून दिलं नाही. कुणी पाहुणा आला की ते त्याला आत नेऊन ऐकवायचे, आणि ऐकवताना बाईंना मुद्दाम बोलावून समोर बसवायचे. त्यांचं ते वाक्य ऐकून पाहुणा कसा हसतो, ते बघायला बाईंना आवडायचं.